पालिंकाचे थांबे

आमच्या पॉपलर बेंडला घर बघायला येणारी शहरी माणसं आधी डोंगर बघतात, मग फोटो काढतात, आणि मग नाक वर करून विचारतात, "इथे वास कसला येतोय?" मी सांगते, "घोड्यांचा. घरं त्यांच्यासोबत मिळतात." निम्मी माणसं तिथूनच गाडी वळवतात. वळवू देत. कॅनडातल्या या अल्बर्टात जागेला तोटा नाही.

आमची घरं मोजून चौदा. मधोमध सगळ्यांची मिळून एक पागा, मागे कुरण, कुरणापलीकडे ओढा, आणि चौदाही घरांच्या दारांवरून गोल फिरून परत पागेशी येणारा एकच डांबरी रस्ता. सकाळचं गवत एकाच्या पाळीला, संध्याकाळचं दुसऱ्याच्या. त्यामुळे कुणाचा घोडा उपाशी राहत नाही आणि कुणाचं भांडण शिळं होत नाही. मी वर्ना प्रोकोपचुक, अर्धं आयुष्य शाळेची बस चालवून इथे येऊन राहिले. नवरा वारला तेव्हा बहिणी म्हणाल्या, आता कॅलगरीत छोटा फ्लॅट घे. मी घोडा घेतला. बहिणी अजून धड बोलत नाहीत.

आमच्यातलाच एक टिबोर हॉल्मोश. लहानपणी आईबापांचा हात धरून हंगेरीतून इथे आला. आगगाडीतून उतरल्यावर त्याच्या वडिलांनी चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढी जमीन, आणि आपल्याला कुणी हाकलून देत नाहीये." ही गोष्ट टिबोर प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, जुन्यांनाही सोडत नाही. त्याच्या घोडीचं नाव पालिंका, म्हणजे त्यांच्याकडची आलुबुखाऱ्याची दारू. पहिल्या घोटाला आणि पहिल्या दिवशी, दोघींनीही त्याला आडवं केलं होतं म्हणे.

गेल्या ऑक्टोबरात तिनं त्याला पुन्हा आडवं केलं. तिची चूक नव्हती. पहाटेचं दव गोठलेलं, ह्याचा पाय रिकिबीतून सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी नवा सांधा बसवला आणि सांगितलं, चाला, फिरा, नाचायचं तर नाचा, पण घोड्यावर पुन्हा चढायचं नाही.

टिबोरची मुलगी इल्डिको टोरोंटोत असते. एकुलती एक. ऑपरेशनला आली, दवाखान्यातच दिवस काढले आणि परत गेली. मग दर रविवारी फोन. डिसेंबरात एकदा टिबोर काठी टेकत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी बटाट्याच्या पिरोही, म्हणजे आमच्या युक्रेनी उकडीच्या करंज्या, केल्या होत्या. एरवी दहा खाणारा माणूस तीनावर थांबला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"इल्डिकोच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा होतोय," तो म्हणाला. "एकतिसाव्या मजल्यावर. फेब्रुवारीतल्या सुट्टीला ती येणार, हे घर विकायला काढणार आणि मला घेऊन जाणार. म्हणते, घोड्यावर बसता येत नाही तर घोड्यांच्या गावात राहून करणार काय?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुझंही बरोबर आहे."

"शाबास. आणि तुझं?"

तो काट्यानं आंबट साय इकडून तिकडे सारत बसला. "वर्ना, तिच्या जिवाला घोर लागलाय. नाही म्हणायला तोंड कसं उघडू? आणि हो म्हटलं तर त्या एकतिसाव्या मजल्यावर मी करू काय?"

टेबलाच्या टोकाला आमचा डेसमंड बसला होता. मूळचा जमैकाचा, पेशानं नालबंद, बोलतो कमी आणि खातो भरपूर. त्यानं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "वर बसता येत नाही, तर मागे बस."

"म्हणजे?"

"गाडी जुंप. तुझा बाप तिकडे गाडीच हाकायचा ना?"

"पालिंकाला सतरावं लागलंय. या वयात ती गाडी ओढायला शिकणार?"

"ती सतराची, तू अठ्ठ्याहत्तरचा. जास्त अडेल कोण, ते तूच सांग."

त्या दिवशी टिबोरनं उरलेल्या पिरोहीही संपवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना पागेत बोलावलं आणि काठी आपटून दोन नियम सांगितले. पहिला, या घोडीला आधी थांबायला शिकवायचं. "चालायला कुठलंही घोडं शिकतं," तो म्हणाला. "म्हातारा सावकाश उतरेपर्यंत जे हलत नाही, ते खरं गाडीचं घोडं." दुसरा नियम, साज अंगावर असताना तिला हातानं काही भरवायचं नाही. "लाच खाणारं घोडं आणि लाच खाणारा पोलीस, दोघंही नको तिथे थांबतात."

आम्ही सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. सगळ्यात जोरात डोलावली ती जजसाहेबांनी. फर्गस मॅकेक्नी, निवृत्त न्यायाधीश, वय ऐंशी, घरात एकटेच. पागेच्या भिंतीवरची 'घोड्यांना हातानं खाऊ घालू नये' ही पाटी त्यांनीच रंगवली आहे.

टिबोरचा पाय अजून लंगडत होता, म्हणून आम्ही एकेकानं एकेक दिवस वाटून घेतला. आधी नुसता साज चढवून, लांब लगाम धरून घोडीच्या मागे चालायचं. मग बर्फावर मोकळी घसरगाडी जोडायची. गावच्या रस्त्यावरून फेरी काढायची आणि मध्ये कुठेतरी थांबण्याचा सराव करायचा. आता थांबायचंच, तर आपल्या दाराइतकी सोयीची जागा कुठली? दारात उभं राहून गरम कॉफी तरी पिता येते. आणि समोर ती बिचारी, पापण्यांवर हिम गोठलेलं, नाकातून वाफा निघताहेत, तरी सांगितलं म्हणून पुतळ्यासारखी उभी. माणसाचं मन आहे. मी तिला सफरचंदाची एक फोड दिली. एकच. पुढच्या वेळी आणखी एक. बाकीचे नियम पाळताहेत, तर माझ्या एका फोडीनं काय बिघडतंय, असं मला वाटलं.

जानेवारी संपेपर्यंत पालिंका तयार झाली. टिबोर स्वतः गाडीत बसून कुरणात फेऱ्या मारू लागला. त्याच्या गालांवर रंग आला. बेत ठरला: इल्डिको आली की शनिवारी सकाळी तिला घसरगाडीत बसवायचं आणि ओढ्याकाठच्या पायवाटेनं न्यायचं. दोन्ही बाजूंना बर्फानं पांढरी झालेली पॉपलरची झाडं, समोर डोंगर, घुंगरांचा आवाज, सोबत बाप. असं दृश्य बघितल्यावर कुठली मुलगी घर विकायला काढील? आमच्या बेतात खोट म्हणून नव्हती.

इल्डिको शुक्रवारी दुपारी आली आणि संध्याकाळी शिनूक सुटला.

हा वारा मला एरवी फार आवडतो. भर हिवाळ्यात डोंगरांवरून ऊन वाफ यावी तसा येतो, आणि आम्ही कोट फेकून अंगणात खुर्च्या टाकतो. पण त्या शनिवारी उठून बघते तर छपरांवरून पाणी गळतंय, कुरण तपकिरी, आणि ओढ्याकाठची वाट म्हणजे नुसता चिखलाचा काला. मी त्या वाऱ्याला युक्रेनियनमध्ये आणि इंग्रजीत शिव्या घातल्या.

डेसमंड म्हणाला, "माझ्या शेजारच्या मारिसेलकडे घोड्याला जुंपायची दोन चाकांची गाडी आहे. रस्ता कोरडा आहे. गावातूनच एक फेरी मारा, दहा मिनिटांची."

इल्डिको आली. डोळे थेट बापाचे, अंगावर चांगला कोट, चेहऱ्यावर झोप न झाल्याचं ओझं. घोड्यांना ती बिचकते, लहानपणी एकानं तिच्या खांद्याला चावा घेतला होता. तरी बापाच्या हट्टापायी त्याच्या शेजारी चढून बसली. मागच्या फळीवर मी. टिबोरनं लगाम हातात घेतले, पाठ ताठ केली, जिभेनं टक् आवाज केला, आणि पालिंका अशी डौलात निघाली की माझा ऊर भरून आला.

डेसमंडच्या दाराशी ती थांबली.

टिबोरनं जीभ टकटकवली. लगाम हलवले. पालिंका कान टवकारून दाराकडे बघत उभी.

"कुठं पेंड खातंय आता हे घोडं?" टिबोर पुटपुटला.

दार उघडून डेसमंड आला. उजवा हात खिशात.

"डेसमंड, खिशात काय आहे?"

"काही नाही. हात गारठलेत."

"शिनूकमध्ये?"

तोवर पालिंकानं त्याच्या खिशात नाक खुपसून पेपरमिंटची गोळी शोधलीही होती. डेसमंडनं लाजत इल्डिकोकडे बघितलं. "बाई, तुमच्या वडिलांचा डावा पाय संध्याकाळी जरा ओढला जातो. सकाळी नाही. मी घोड्यांचे पाय बघतो म्हणून ध्यानात आलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी परवा सांगून आलोय."

गोळी संपली तशी पालिंका निघाली, आणि पुढच्या दाराशी उभी राहिली. तिथे मारिसेल. जनावरांच्या दवाखान्यात काम करते, मूळची फिलिपिन्सची. ती वाळवलेला आंबा घेऊनच बाहेर आली. लपवायचंही तिला सुचलं नाही.

"मारिसेल, तू तरी," टिबोर म्हणाला.

"टिबोरकाका, एवढंसंच देते हो. तुम्ही सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत का? शुक्रवारी पत्ते रंगले की शनिवारी विसरता तुम्ही."

"आपु, तू पत्ते खेळतोस?" इल्डिकोनं विचारलं. आपु म्हणजे त्यांच्यात बाबा.

"खेळतात कसले, चक्क फसवतात," मारिसेल म्हणाली.

पुढचं दार माझं. मी फळीवर अंग चोरून बसले. पालिंका थांबली, मान पूर्ण मागे वळवली आणि सरळ माझ्याकडे बघत राहिली. टिबोरही वळला.

"तूसुद्धा, वर्ना?"

मी उतरले, आत गेले आणि सफरचंद चिरून घेऊन आले. अर्धं आयुष्य मी प्रत्येक थांब्यावर बस उभी केली, पण माझ्या बसनं कधी माझी चहाडी केली नव्हती.

मग आमची वरातच झाली. एका दाराशी गाजर, एकाकडे ओटची बिस्किटं, एका बाईनं तर नासपती उकडून ठेवली होती. घोड्यांना हातानं भरवू नये यावर जे जे मला व्याख्यान देऊन गेले होते, ते सगळे एकेक करून खाली मान घालून बाहेर आले. आणि बाहेर आलेला प्रत्येक जण टिबोरशी दोन शब्द बोलायचा, कुणी आपल्या घोडीच्या खोकल्याबद्दल त्याला विचारायचा, कुणी त्याच्या गुलाशच्या तिखट रश्श्यावर लावलेल्या पैजेची आठवण द्यायचा. दहा मिनिटांची फेरी तासावर गेली. टिबोर हसायला लागला होता. इल्डिको मात्र हसत नव्हती. एवढी मेहनत केली आणि शेवटी हात दाखवून अवलक्षण.

"वर्नामावशी," ती न वळता म्हणाली, "या सगळ्यांना आपुबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे."

"माहिती कसली पोरी, चुगल्या आहेत."

"हे तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी रचलंय का?"

"रचलं असतं," टिबोर म्हणाला, "तर इतकं वाईट रचलं असतं का?"

एवढ्यात गाडी जजसाहेबांच्या दाराशी उभी राहिली.

कुणी आलं नाही. पालिंका वाट बघत राहिली. टिबोरनं जीभ टकटकवली, गोड बोलला, मग हंगेरियनमध्ये रागावला. पालिंकानं खूर रोवले. मी उतरून तिचं तोंड धरून ओढलं तर ती माझ्यावरच रेलली. मग मान वर करून खणखणीत खिंकाळली. दार बंद ते बंदच.

"साहेबांची गाडी तर इथेच आहे," मी म्हटलं. टिबोरचं हसू मावळलं.

"मी बघते," इल्डिको म्हणाली आणि आम्ही काही बोलायच्या आत उतरून पायऱ्या चढली. तिनं दार वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं, या वेळी मुठीनं. खिडकीच्या काचेला कपाळ लावून आत बघू लागली.

दार उघडलं. जजसाहेब कमरेला टॉवेल गुंडाळून उभे, डोक्यावर साबणाचा फेस, हातात एक लांबलचक गाजर. त्यांनी इल्डिकोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, मग गाजराकडे बघितलं.

"हा पुरावा ग्राह्य धरू नये," ते म्हणाले.

इल्डिको हसली. आधी नुसता श्वास सुटल्यासारखं, मग खांदे गदगदून, मग पायरीवर बसून. टिबोरला इतकं हसू आलं की त्यानं खुबा धरला. जजसाहेब तसेच फाटकापर्यंत आले, गाजर पेश केलं, आणि फेस डोळ्यांत जायच्या आत पळाले.

इल्डिको परत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे ओले होते, आणि ते सगळं हसण्याचं पाणी नव्हतं.

"आपु, ते आलेच नसते तर ही इथेच उभी राहिली असती?"

"दुसरं काय करणार. आम्ही मूर्खांनी तिला तेच शिकवलंय. माणूस बाहेर आल्याशिवाय हलायचं नाही."

"मघाशी मला वाटलं ते आत पडलेत." ती घोडीच्या पाठीकडे बघत बोलत होती. "मला त्यांचं नावही माहीत नव्हतं आणि माझा जीव गेला. तिकडे मला रोज हेच वाटतं तुझ्याबद्दल. की तू असाच घरात पडला असशील आणि रविवारी मी फोन करीपर्यंत कुणाला कळणार नाही. म्हणून तुला न्यायचं होतं. मला काही तुझं घर विकायची हौस नाही."

"मला माहीत आहे, बाळा," टिबोर म्हणाला. त्यानं लगाम एका हातात घेतले आणि दुसऱ्या हातानं तिचा हात धरला. मी फळीवर बसून नाक पुसलं. शिनूकमध्ये माझं नाक गळतं, असं मी कुणी विचारलं तर सांगितलं असतं.

शेवटचं दार टिबोरचं स्वतःचं. मला वाटलं, इथे तरी ही सरळ पागेकडे वळेल. पालिंका थांबली. थांबली ती अशी, की सगळ्या फेरीत हेच खरं मुक्कामाचं ठिकाण. कान पुढे, नजर त्या निळ्या दारावर.

मी टिबोरकडे बघितलं. तो आभाळ बघत होता.

"टिबोर हॉल्मोश, आम्ही सराव करायचो तेव्हा तू खिडकीत बसलेला असायचास. मग तू बाहेर यायचास, हो ना? काय द्यायचास?"

"साखरेचा खडा."

"आणि लाच खाणारा पोलीस?"

"साखर ही लाच नाही. आमच्याकडे तो शिष्टाचार आहे."

"छान. मग आता कोण बाहेर येणार? तू इथे गाडीत, घर रिकामं."

टिबोर उतरायला लागला, पण इल्डिकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "साखर कुठे असते?"

"चुलीवरच्या फडताळात. आईच्या निळ्या डब्यात."

ती आत गेली. आम्ही बसून राहिलो. पालिंका दाराकडे बघत होती, आणि मी मागे वळून बघितलं तर आपापल्या फाटकांशी सगळं गाव उभं होतं. डेसमंड, मारिसेल आणि टॉवेलावर ओव्हरकोट चढवलेले जजसाहेबसुद्धा. इतक्या लांबून ऐकू काहीच येणार नव्हतं, तरी कुणी आत जात नव्हतं.

निळं दार उघडलं आणि इल्डिको बाहेर आली, मुठीत साखर धरून. पायरीवर थांबून तिनं एकेका फाटकाकडे बघितलं, अगदी रस्त्याच्या वळणापर्यंत. मग पालिंकाच्या तोंडापुढे येऊन उभी राहिली, हातभर अंतर ठेवून.

"तळवा सपाट ठेव," टिबोर म्हणाला. "अंगठा आत. तिला घाई करू देऊ नकोस."

तिनं डोळे मिटले आणि हात पुढे केला. पालिंकानं ओठांनीच, अगदी अलगद, खडा उचलला. इल्डिकोनं डोळे उघडले, पण हात मागे घेतला नाही.

"आपु," ती म्हणाली, "माझ्या मजल्यावर दाराला दार लागून लोक राहतात, आणि तिथे कुणी माझ्यासाठी थांबत नाही. तू तिकडे येऊ नकोस. मीच इकडे येत जाईन."

पालिंकानं साखर चघळून संपवली आणि दारातून माणूस बाहेर आलेलं बघून आपल्या मनानंच पागेकडे निघाली. लगाम कुणीच धरलेले नव्हते. टिबोर दोन्ही हातांनी डोळे पुसत होता, आणि इल्डिको गाडीच्या बाजूनं चालत त्याला आपला रुमाल देत होती.